दशांश अचूकता, संगणकीय माहितीसंचयातील

दशांश अचूकता : संगणकाच्या माहितीसंचयात (डेटाबेसमध्ये) नोंदविलेली दशांश संख्या साठवण, गणित व छपाई या तिन्ही टप्प्यांत जितक्या दशांशस्थळांपर्यंत मूळ मूल्याशी तंतोतंत जुळते, त्या मर्यादेस दशांश अचूकता म्हणतात. पैशाचे हिशेब, कर, व्याज व जमिनींची क्षेत्रे यांच्या नोंदींत तिला विशेष महत्त्व आहे. कारण तेथील सूक्ष्म फरकही जुळणाऱ्या नोंदी चुकीच्या ठरवितो किंवा कोणाच्या तरी वाट्यातून वजा होतो.

कारणे : मनुष्य दशमान पद्धतीने लिहितो, तर संगणक बहुधा द्विमान पद्धतीने मोजतो. दशमान पद्धतीत १/३ हा अपूर्णांक ०.३३३... असा न संपता लांबत जातो. त्याचप्रमाणे १/१० हा द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही. ०.०१ ते ०.९९ या पैशांतील ९९ अपूर्णांकांपैकी ०.२५, ०.५० व ०.७५ हे तीनच द्विमान पद्धतीत पूर्णपणे लिहिता येतात. उरलेले ९६ कोठे तरी तोडावे लागतात. १९८५ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘तरत्या बिंदू’च्या पद्धतीत ६४ द्विमान अंकांची संख्या सुमारे १५ ते १६ दशमान अंकांपर्यंत विश्वसनीय असते. या पद्धतीत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते. ३२ अंकी प्रकारात तर १,३१,०७२ रुपयांच्या पुढे लगतच्या दोन संख्यांतील अंतरच १/६४ रुपया, म्हणजे दीड पैशाहून अधिक असते. अशा ठिकाणी पैशापर्यंतचा हिशेब ठेवता येत नाही.

भूमी अभिलेखांतील उदाहरण : ठाणे शहरातील कोलशेत हे मूळचे खाडीकाठचे गाव असून शहराच्या विस्तारात तेथे मोठ्या निवासी इमारती उभ्या राहिल्या. अशा गावांत जुने व्यवहार एकर-गुंठ्यांत, तर सातबारा उताऱ्यावरील क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर यांत असते. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. संगणकीकृत नोंदींत सर्व हिश्शांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदातील क्षेत्राशी जुळणे आवश्यक असते. एका सर्वेक्षण क्रमांकाचे क्षेत्र ०.३० हेक्टर आणि हिस्से ०.१० व ०.२० हेक्टर असल्याचे मानल्यास, तरत्या बिंदूने केलेली तुलना ही बेरीज जुळत नसल्याचे सांगेल. हा दोष टाळण्यासाठी थोडा फरक क्षम्य धरला आणि ती मर्यादा सैल ठेवली, तर खरी तफावतही नजरेआड होऊ शकते.

द्विमान पद्धतीशी संबंध नसलेली अडचण रूपांतरात उद्‌भवते. एक गुंठा म्हणजे १०१.१७१४१०५६ चौ. मी. म्हणून १० गुंठ्यांचे एकदाच रूपांतर केल्यास पूर्ण चौरस मीटरांत १,०१२ येतात. प्रत्येक गुंठा १०१ चौ. मी. धरून बेरीज केल्यास १,०१० येतात. १,०१२ चौ. मी.चे तीन भावांत समान वाटप करून प्रत्येकाच्या नावे ३३७ चौ. मी. लिहिले, तर एक चौ. मी. कोणाच्याच नावावर उरत नाही. मूळ मापात मात्र प्रत्येकाचा वाटा बरोबर ३,६३० चौ. फूट होता.

पूर्णांकनाचे नियम : हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती सुरू झाली, तेव्हा एक आणा ६.२५ नव्या पैशांबरोबर होता. रूपांतराच्या कोष्टकात एका आण्यास ६, दोन आण्यांस १२ व तीन आण्यांस १९ नवे पैसे धरण्यात आले. सोळा आण्यांची देणी एकेका आण्याने चुकती केल्यास ९६ नवे पैसेच भरले जात. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १७० नुसार कराची रक्कम नजीकच्या रुपयापर्यंत पूर्ण केली जाते. ५० वा अधिक पैशांचा एक रुपया धरतात.

सतत एकाच दिशेने केलेल्या छाटणीचा परिणाम साचत जातो. कॅनडातील व्हँकूव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १,००० पासून सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो पुन्हा काढताना तिसऱ्या दशांशस्थळापुढील अंक गाळले जात. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो सुमारे ५२४ वर आला होता; फेरगणनेनंतर योग्य मूल्य सुमारे १,०९८ निघाले.

उपाय : सर्वांत सोपा उपाय म्हणजे लहानात लहान एककाची पूर्ण संख्या साठविणे; म्हणजे रुपयांऐवजी पैसे आणि हेक्टरांऐवजी चौरस मीटर. दुसरा उपाय दशमान प्रकाराचा. कोबॉल या व्यवसायोपयोगी भाषेत व १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या एसक्यूएल भाषेत एकूण अंक व दशांशस्थळे ठरवून देण्याची सोय आहे. एकूण १२ अंक व २ दशांशस्थळे ठरविल्यास ९,९९,९९,९९,९९९.९९ पर्यंतच्या रकमा तंतोतंत राहतात. मात्र साठवण दशमान असूनही ती वाचणाऱ्या आज्ञावलीने संख्या तरत्या बिंदूत नेली, तर दोष पुन्हा शिरतो. भागाकार शक्यतो शेवटी करणे आणि पूर्णांकन एकदाच करणे हेही आवश्यक असते.

भागाकारात उरणारा शेष कोणत्याही प्रकाराने नाहीसा होत नाही. तो कोणाच्या खाती जावा, हे यंत्र ठरवीत नाही. तो नियम आधी लिहून आज्ञावलीत स्पष्टपणे समाविष्ट करावा लागतो. अन्यथा आज्ञावलीकाराची सोय हाच नियम ठरतो आणि संबंधित खातेदारास तो कळतही नाही.