अक्षर येत नाही की अक्षर दिसत नाही?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ साली सुरू झाले होते आणि गावोगाव, वस्तीवस्तीत साक्षरतेचे वारे होते. भोसरीजवळच्या एका वस्तीत, बुद्धविहाराच्या पडवीत, मी प्रौढ स्त्रियांचा संध्याकाळचा वर्ग घेत असे. वर्गाला येणाऱ्या बहुतेक जणी मराठवाड्यातून आलेल्या. बहात्तरच्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेल्या. कुणी कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची, कुणी बांधकामावर, कुणी भंगार निवडायला. दिवसभर राबून, भाकरी थापून, मग पाटी घेऊन यायच्या.

फळ्यावर हातभर अक्षर काढले की साऱ्या जणी ओळखायच्या. पुस्तक हातात दिले की चाळिशीपुढच्या बायका गप्प व्हायच्या. मी पुन्हा पुन्हा शिकवले. शेवटी माझ्या वहीत शेरा लिहिला : ‘वय झाले आहे. ग्रहणशक्ती कमी.’ त्यातली एक मावशी स्वतःच म्हणायची, “सर, आमच्या डोक्यात भुसा भरलाय. नाही शिरायचं त्यात काही.”

एका संध्याकाळी वस्तीतला शिंपीदादा विहारात आला होता. त्याचा चष्मा चटईवर पडलेला. मावशीने थट्टेने तो नाकावर चढवला आणि समोरचे पुस्तक उघडे होते त्याकडे पाहिले. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “सर, हे अक्षर एवढं काळं असतंय व्हय?” आणि अडखळत अडखळत तिने तीन ओळी वाचल्या.

मला माझीच लाज वाटली. ज्या समाजाला शतकानुशतके ‘तुमच्या डोक्यात विद्या शिरायची नाही’ असे सांगण्यात आले, त्याच समाजातला चार बुके शिकलेला मी, तेच वाक्य सभ्य भाषेत वहीत लिहून मोकळा झालो होतो. दोष तिच्या डोक्याचा नव्हता, तिच्या डोळ्यातल्या भिंगाचा होता. तो साध्या चष्म्याने दूर होणारा होता.

तेव्हापासून या विषयाची माहिती करून घेत आलो. माझे स्वतःचे डोळेही आता त्या वाटेने बरेच पुढे गेले आहेत. कार्यकर्त्यांना, शिक्षकांना व विद्यार्थ्यांना ती माहिती असणे आवश्यक आहे, म्हणून हा लेख.

आपल्या भाषेने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली आहे. ‘चाळिशी लागली’ असे आपण म्हणतो; चष्म्यालाही चाळिशीच म्हणतो. डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. लांबचे पाहताना ते चपटे राहते, जवळचे पाहताना फुगते. लहान मुलाचे भिंग इतके लवचीक असते, की नाकापासून चार बोटांवरचे अक्षरही त्याला स्पष्ट दिसते. वयाबरोबर हे भिंग हळूहळू कडक होत जाते. चाळिशीच्या आसपास ते पुरेसे फुगेनासे होते. मग माणूस पुस्तक लांब धरू लागतो, सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतो, तांदळातला खडा दाताखाली आल्यावरच त्याला कळतो. साठीपर्यंत ही कसर वाढत जाते आणि मग जवळजवळ थांबते. म्हणून चष्म्याचा नंबर दर दोनचार वर्षांनी बदलतो. ‘चष्मा लावला की सवय लागते आणि डोळे आणखी बिघडतात’ असे वस्तीत ऐकू येते, ते खोटे आहे. चष्मा लावा वा लावू नका, भिंग आपल्या गतीनेच कडक होणार. चष्मा न लावणारा फक्त तेवढी वर्षे न पाहता काढतो.

हा बदल प्रत्येकाला होतो. थेरीगाथेतील आम्रपालीने आपल्या देहाच्या एकेका अवयवावर, डोळ्यांवरही, वार्धक्य कसे उतरले ते निःसंकोच सांगितले आहे. जरा ही सर्वांच्या वाट्याची आहे, हे बुद्धाचे सांगणे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत स्पष्टपणे नाकारला. तरीही आपल्याच वस्तीत डोळे गेलेल्या म्हातारीविषयी ‘मागल्या जन्मीचं फेडतीय’ असे बोलले जाते. हा दैववाद डोळ्याच्या रोगापेक्षा जास्त माणसे आंधळी ठेवतो, कारण तो दवाखान्याची वाटच बंद करतो.

चाळिशी सर्वांना येते. परंतु तिची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. कचेरीतला साहेब दिव्याखाली बसतो आणि चष्मा नाकावर ठेवतो. त्याने त्याचा रुबाब वाढतो. आमच्या वस्तीतला एक टर्नर छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर होता. व्हर्नियरच्या बारीक रेघा त्याला एकमेकींत मिसळलेल्या दिसू लागल्या. माप चुकायचे, जॉब रिजेक्ट व्हायचे. वीस वर्षे हात बसलेला कारागीर. पण ‘कामात लक्ष नाही, दारू पीत असेल’ असा बोभाटा झाला. त्याने चष्मा केला नाही. चष्मा दिसला की ‘म्हातारा झाला’ म्हणतील आणि कंत्राटदार दुसऱ्याच दिवशी नवा पोरगा उभा करील, अशी त्याला भीती होती. कायम कामगाराला ही भीती थोडी कमी. कंत्राटी कामगाराला चष्मा खिशात लपवावा लागतो.

हे केवळ माझे अनुभव नाहीत. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांचा अभ्यास झाला; तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना जवळचे पाहण्याचे चष्मे दिले, निम्म्यांना अभ्यास संपल्यावर दिले. चष्मेवाल्यांच्या पत्तीच्या तोडणीत दुसऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्के जादा वाढ झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगात १८० कोटी माणसांना चाळिशी आहे आणि त्यांतल्या ८२ कोटी ६० लाखांना साधा चष्माही मिळालेला नाही. ही माणसे कोणत्या थरातली असतील हे वेगळे सांगायला नको.

आता दुसरी बाजू. वयाबरोबर होणारा प्रत्येक बदल चाळिशी नसतो. ‘वय झालं की दिसायचं कमी होणारच’ हे वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच घातक आहे. त्याच्याआड उपचार होऊ शकणारे रोग लपून राहतात. म्हणून कोणता बदल वयाचा आणि कोणता रोगाचा, हे ओळखता आले पाहिजे.

वयाचे म्हणून सोडून देण्यासारखे बदल असे : वाचायला जास्त उजेड लागतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायला वेळ लागतो. डोळे कोरडे पडून चुरचुरतात. वर्षानुवर्षे तेच एकदोन काळे ठिपके नजरेपुढे तरंगतात. हे सारे दोन्ही डोळ्यांत, सावकाश घडते.

मोतीबिंदूत भिंगच गढूळ होते. चष्म्याचा नंबर वरचेवर बदलतो, रंग पिवळट व मळकट वाटतात, दिव्याभोवती वलय दिसते. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा चाकण-तळेगाव रस्त्यावर रात्री कंटेनर, टेंपो चालवणारे ड्रायव्हर सांगतात, ‘समोरच्या गाडीचा लाइट फुटतो, काहीच दिसत नाही.’ पन्नाशीपुढच्या ड्रायव्हरने असे म्हटले तर आधी मोतीबिंदू आहे का ते पाहावे. यात एक फसवणूकही होते. म्हाताऱ्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय जवळचे दिसू लागते आणि घरात आनंद होतो, की नजर परत आली. नजर परत येत नसते. भिंग बदलू लागल्याची ती खूण असू शकते. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही. तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचे दिवसही गेले. शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून नवे बसवता येते.

काचबिंदू मात्र चोरपावलांनी येतो. बहुधा डोळ्यातला दाब वाढून मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचे अक्षर शेवटपर्यंत दिसते, पण कडेची नजर जाते. माणूस चौकटीला खांदा आपटतो, बाजूने येणारी सायकल त्याला दिसत नाही, लोक हसतात. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली मात्र औषधाने राखता येते. आईवडिलांना वा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब व नस नियमित तपासून घेतलीच पाहिजे. डोळा लाल झाला की मेडिकलमधून कुणाला न विचारता स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्यांना काचबिंदू व मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात.

साखरेचा रोग असणाऱ्याने, स्वच्छ दिसत असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आधी बिघडतात आणि नजर फार उशिरा बोलते. पडद्याच्या मध्यभागाची झीज झाली तर सरळ रेघ वाकडी दिसते, समोरच्या माणसाचा चेहराच पुसट होतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे प्रमाण जास्त आढळते.

आणि काही खुणा अशा, की ज्यांत उद्यावर ढकलू नये : एकाएकी एका डोळ्याने दिसेनासे होणे, विजा चमकल्यासारखे होऊन ठिपक्यांचा पाऊस पडणे, नजरेवर कडेने पडदा उतरणे, डोळा लाल होऊन असह्य दुखणे, सोबत डोके दुखून उलट्या होणे. या प्रत्येकात तासांचा हिशेब असतो.

घरी तपासायला काही लागत नाही. एक डोळा तळहाताने, न दाबता, झाका. भिंतीवरची दिनदर्शिका नेहमीच्या जागेवरून पाहा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याला सांभाळून घेतो. त्यामुळे एक डोळा गेल्याचे माणसाला वर्षभर कळत नाही. खिडकीचे गज सरळ दिसतात का तेही एकेका डोळ्याने पाहा. महिन्यातून एकदा एवढे पुरे. परंतु काचबिंदू असा सापडत नाही. त्याला डॉक्टरच हवा.

आमच्या औद्योगिक पट्ट्यात वयाच्या जोडीला काम उभे असते. वेल्डिंगचा आर्क डोळ्याला लागला की रात्री वाळू भरल्यासारखे होते. भट्टीसमोर वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्याला मोतीबिंदू लवकर गाठतो. ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला की शेजारचा मित्र रुमालाच्या टोकाने काढून देतो आणि बुबुळावर कायमचा ओरखडा राहतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३५ वे कलम डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होते. उडणारे कण व तीव्र प्रकाश असेल तेथे गॉगल वा पडदे देण्याविषयीचे. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली आहे. पण गॉगल दिला तरी एक प्रश्न राहतो. चाळिशी लागलेल्या कामगाराला साध्या गॉगलमधून बारीक काम दिसत नाही, म्हणून तो गॉगल काढतो आणि नेमका त्याच क्षणी कण उडतो. मग ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद होते. नंबरचा सुरक्षा गॉगल मिळावा ही मागणी मी युनियनच्या मागणीपत्रात क्वचितच पाहिली. ती घातली पाहिजे. चष्मा लागला म्हणून कुणाला कामावरून कमी करता येणार नाही, हेही तिथेच लिहून घेतले पाहिजे.

या परिसराला बाबासाहेबांची एक आठवण आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडच्या विहारात त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. त्याच वर्षी जून ते ऑक्टोबर ते अंथरुणाला खिळून होते. मधुमेह होता, डोळे अधू झाले होते. ज्यांनी आम्हांला अक्षर दिले त्यांचे डोळे अक्षरांनीच शिणले, असे आम्ही भाषणात म्हणतो. पण त्यांच्यासाठी डोळे मिटण्यापेक्षा आपल्या आईबापांचे डोळे तपासणे त्यांना अधिक आवडले असते, असे मला वाटते.

म्हणून कार्यकर्त्यांना एक सुचवतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीच्या खर्चातून थोडे बाजूला काढा. विहारात एक टेबल, सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता, जवळचे वाचायला एक छापील पान आणि वेगवेगळ्या नंबरांचे तयार चष्मे एवढे ठेवा. एखाद्या नेत्रतपासनीसाला बोलवा. ज्यांना चष्म्यानेही नीट दिसत नाही त्यांची यादी करा आणि त्यांना संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात किंवा कामगार विम्याच्या दवाखान्यात स्वतः घेऊन जा. नुसता पत्ता देऊन ही माणसे जात नाहीत. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि केसपेपरच्या रांगेत काय बोलायचे ते त्यांना ठाऊक नसते.

आणि जे कुणी प्रौढांना शिकवत असतील त्यांना एवढेच सांगणे : पहिल्या दिवशी ‘अ’ काढू नका. पुस्तकाचे एक पान हातभर अंतरावर धरा आणि विचारा, मावशी, यात काळं काळं दिसतंय का?