जीपमागची ट्रॉली आणि पंपाचा स्क्रू

जुन्या डिझेल जीपला ट्रॉली ओढून घाट चढायचा असेल, तर बहुतेक गॅरेजांत पहिला उपाय सांगितला जातो तो पंप वाढवण्याचा. महिंद्राची एमएम ५४० असो, डीआय इंजिनाची बोलेरो असो, नाहीतर जुनी सुमो. मागे जनरेटर, काँप्रेसर किंवा मालवणच्या किनाऱ्यावरची लहान होडी बांधली आणि गाडी चढावर दम खाऊ लागली की डिझेल पंपाच्या मुख्य स्क्रूकडे हात जातो. शिशाचे सील तुटते, चेकनट सैल होतो, स्क्रू पाव फेरा आत जातो. ॲक्सिलरेटर दाबताच सायलेन्सरमधून काजळीचा लोट निघतो आणि मागच्या भिंतीवर काळा डाग उमटतो. 'बघा, आता लोड घेईल,' असे सांगून पाना पुसून ठेवला जातो.

धूर म्हणजे ताकद, हा समज इतका मुरलेला आहे की धूर न सोडणाऱ्या गाडीवरच संशय घेतला जातो. प्रत्यक्षात तो धूर म्हणजे पैसे मोजून भरलेले आणि न जळता बाहेर पडलेले डिझेल असते.

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट उघडते. डिझेल इंजिनात बहुधा तशी झडप नसते. दर फेरीला सिलिंडर जवळजवळ तेवढीच हवा आत ओढतो आणि ताकद कमी-जास्त होते ती फक्त डिझेलच्या मात्रेने. पण सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा मिसळायला मिळणारा वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढा असतो. तेवढ्यात डिझेलच्या प्रत्येक थेंबाला त्याच्या वाट्याची हवा सापडत नाही. म्हणून एका भाग डिझेलला वीसेक भाग हवा असतानाच धूर दिसू लागतो. कारखान्यात पंपाचा स्क्रू याच हद्दीच्या आत बांधून त्यावर सील मारलेले असते. स्क्रू पुढे नेला तर थोडी ताकद वाढते, हे खरे आहे आणि समज टिकून आहे तोही त्यामुळेच. पण त्या थोड्या ताकदीबरोबर उष्णता फार मोठ्या प्रमाणात वाढते.

इथे पेट्रोल गाड्यांचे ज्ञान डिझेलला लावण्याची चूक होते. पेट्रोल इंजिनात मिश्रण घट्ट केले की ज्वलन थोडे थंड होते. डिझेलमध्ये हवा मुळात जादा असते, त्यामुळे डिझेल वाढवले की तापमान वाढतच जाते. पिस्टन ज्या ॲल्युमिनियम-सिलिकॉन मिश्रधातूचा असतो, तो ५७७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो. एक्झॉस्टमधल्या वायूचे तापमान भार असताना सातशे अंशांच्या घरात जाऊ शकते. पिस्टन त्याहून बराच थंड राहतो, कारण रिंगा, सिलिंडरची भिंत आणि ऑइल त्याची उष्णता सतत ओढून घेत असतात. सपाट रस्त्यावर धूर सोडत पळालेली गाडी पुढच्या सिग्नलला थंड होते. घाटात ट्रॉली ओढणारी गाडी वीस-पंचवीस मिनिटे पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर असते आणि तिला उसंत मिळत नाही. असे जळालेले इंजिन उघडले की खूण स्पष्ट दिसते: नोझलचा फवारा जिथे पडतो, त्या बाजूला पिस्टनची कड मेणासारखी ओघळलेली, तिच्याखाली रिंग चिकटलेली आणि लायनरवर उभे ओरखडे. मग बोअरिंगचा खर्च येतो आणि दोष 'खराब डिझेल'वर टाकला जातो.

स्क्रूला हात लावण्याआधी पंप आणि नोझल मूळ मापात आहेत का, हे टेस्ट बेंचवर तपासायला हवे. याचा आग्रह क्वचितच धरला जातो, हे खेदाचे आहे. मायकोचे पंप आणि नोझल या कामातल्या प्रत्येकाला माहीत आहेत. २००८ मध्ये मायकोचे नाव बॉश झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी अजून मायकोच आहे. लाखभर किलोमीटर चाललेली नोझल फवारा मारण्याऐवजी धार सोडते. धार नीट जळत नाही, धूर होतो आणि ताकद जाते. अशा गाडीचा पंप वाढवला तर फक्त धार मोठी होते. नोझलचा दाब, पंपाचे टायमिंग, एअर फिल्टर, टॅपेटची फट आणि कॉम्प्रेशन एवढे मूळ मापात आले की 'ओढत नाही' म्हणून आणलेल्या कित्येक गाड्या काहीही न बदलता ओढू लागतात. धुराला कायद्याचीही हद्द आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११५ नुसार बीएस-४ पूर्वीच्या डिझेल वाहनाचा धूर ६५ हार्ट्रिज एककांपेक्षा जास्त नसावा. वाढवलेल्या पंपाची गाडी ही चाचणी प्रामाणिकपणे पार करणे कठीण.

ट्रॉली ओढायला मोठी ताकद लागते, हा या समजाचा पाया. तोच हिशेबाने तपासावा. माणसांसह जीप १७०० किलो, भरलेली ट्रॉली ८०० किलो, एकूण २५०० किलो. पंधरा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १६३५ न्यूटन आणि टायरच्या घर्षणासाठी आणखी साडेतीनशेच्या वर, मिळून साधारण २००० न्यूटन बल लागते. ताशी ३० किलोमीटरने चढायचे तर चाकांवर सतरा किलोवॅट, म्हणजे बावीस-तेवीस अश्वशक्ती पुरते. साठ अश्वशक्तीच्या जुन्या इंजिनाकडे गिअरपेटी आणि डिफरन्शियलमधली तूट धरूनही एवढी ताकद असते. अडते ते गिअरवर. तिसऱ्यात ताशी पन्नासने चढण्याचा हट्ट धरला की मागणी सदतीस अश्वशक्तीच्या पुढे जाते, इंजिन कमी फेऱ्यांवर गुदमरते आणि चालकाला वाटते की ताकद कमी पडली.

त्यातच जीपला मोठे टायर बसवलेले असतात. दिसायला रुबाबदार असले तरी ओढण्यासाठी तो उलटा बदल आहे. मूळ टायर २८ इंच व्यासाचा आणि नवा ३१ इंचाचा असेल, तर चाकाच्या एका फेरीत गाडी अकरा टक्के जास्त अंतर कापते. याचा अर्थ, डिफरन्शियलचा ५ चा रेशो असेल तर तो साडेचारचा झाल्यासारखा होतो आणि प्रत्येक गिअरमधली खेच जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते. शिवाय स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. टायर पुन्हा मूळ मापाचे घालणे, किंवा त्याच घडणीच्या गाडीतली जास्त रेशोची क्राउन-पिनियन जोडी पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला बसवणे, हे पंपाच्या स्क्रूपेक्षा कितीतरी कामाचे आहे. फक्त मागची जोडी बदलली तर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात.

टर्बो बसवला की जुने इंजिन नवे होते, हा दुसरा मोठा समज. टर्बो हवा वाढवतो. त्यामुळे डिझेल तेवढेच ठेवले तर धूर कमी होतो आणि तापमानही थोडे उतरू शकते, इतपत त्याची बाजू भक्कम आहे. पण प्रीचेंबरची जुनी इंजिने थंडीत सुरू व्हावीत म्हणून त्यांचे कॉम्प्रेशन उंच ठेवलेले असते. त्यावर दाबलेली हवा घातली की सिलिंडरमधला कमाल दाब हेड गॅस्केट, हेडचे बोल्ट आणि बेअरिंग यांच्या अंगावर येतो. टोयोटाने १९९० च्या सुमारास लँड क्रूझरसाठी ४१६४ सीसीची दोन सहा-सिलिंडर इंजिने आणली. विनाटर्बो १एचझेडचे कॉम्प्रेशन २२.४ होते, तर टर्बोच्या १एचडी-टीला थेट फवाऱ्याची रचना देऊन ते १८.६ पर्यंत खाली आणले होते. कारखान्याला त्याच मापाच्या इंजिनावर नुसता टर्बो अडकवून भागवता आले असते, तर त्याने दुसरी रचना केलीच नसती. ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन ओढण्यासाठी १एचझेडला बाहेरून टर्बो लावणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातले शहाणे दाब माफक ठेवतात आणि डॅशबोर्डवर एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर आधी लावतात. आपल्याकडे भंगारातला टर्बो आधी बसतो, मीटर कधीच बसत नाही आणि वर पुन्हा पंप वाढवला जातो.

ब्रेकबद्दल मात्र ओढण्याची चर्चा करणारे बोलतच नाहीत, आणि खरा धोका तिथे आहे. घाट चढणे ही इंजिनाची परीक्षा, उतरणे ब्रेकची. वरचीच २५०० किलोची जोडी ५०० मीटर उंची उतरली, तर सुमारे सव्वा कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच साठली असती, तर तीस किलो लोखंड साडेआठशे अंशांहून जास्त तापले असते. प्रत्यक्षात काही इंजिन खाते, काही टायर, काही वारा. पण जुन्या जीपचे चारही चाकांचे ड्रम ब्रेक आणि मागे ब्रेकविना ट्रॉली असेल, तर उरलेली उष्णता लायनिंगची पकड घालवायला पुरेशी असते. पेडल घट्ट लागते आणि गाडी मात्र थांबत नाही. युरोपात ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक बंधनकारक आहे. गाडीच्या धक्क्याने आपोआप लागणारा ओव्हररन ब्रेक ही त्यासाठीची साधी, जुनी व्यवस्था. ट्रॉलीचे वजन त्या घरात असेल तर टर्बोचा पैसा आधी या ब्रेकवर खर्च करावा.

याच्याशी जोडलेला घातक समज म्हणजे उतारावर न्यूट्रल टाकले की डिझेल वाचते. जुन्या गाडीत गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की गव्हर्नर फवारा जवळजवळ बंदच करतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. डिझेल गाडीत ब्रेक-बूस्टरचा व्हॅक्यूम पंप इंजिनाबरोबर फिरतो, तो थांबला की दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. डिझेल इंजिन आपोआप गाडी जोरात धरते, हा समजही अर्धवट आहे. हवेची वाट मोकळी असल्याने त्याची रोखण्याची ताकद फेऱ्या जास्त असतानाच जाणवते. ट्रकांना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक लागतो तो यासाठीच. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम बरोबर आहे. भार असेल तर एक गिअर खालीच घ्यावा.

बाकीचे समज थोडक्यात.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. तो उघडा अडकला असेल तर इंजिन थंड राहते, बंद अडकला असेल तर तापते. दोन्ही वेळा तो बदलायचा असतो. तापण्याचे मूळ बहुतेकदा गाळाने अर्ध्या बुजलेल्या रेडिएटरमध्ये किंवा सैल पट्ट्यात सापडते.

मागे दोन पाटे वाढवले की गाडी जास्त वजन ओढते असे मानले जाते. पाटे गाडीची पाठ वर धरतात. चासी, हाउसिंग, बेअरिंग आणि ब्रेक यांची क्षमता त्यांनी वाढत नाही.

सगळा माल ट्रॉलीच्या मागच्या बाजूला भरला की जीपवर भार येत नाही, हे खरे. पण अशी ट्रॉली वेग वाढताच शेपटीसारखी हलू लागते आणि एकदा हेलकावे वाढले की स्टिअरिंगने सावरत नाहीत. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग हुकवर पडेल असा माल लावावा. हुकखाली आडवी फळी आणि वजनकाटा ठेवून तो मोजता येतो.

फोर-व्हील टाकून ओढले की जोर वाढतो, हेही चुकीचे. इंजिनाची ताकद तेवढीच राहते. चाकांची पकड वाढते. ओल्या उतारावरून होडी वर घेताना ते हवेच, आणि लो रेंजमध्ये खेच सुमारे अडीचपट होते. कोरड्या डांबरावर मात्र वळणात पुढच्या-मागच्या शाफ्टमध्ये ताण साठतो आणि ट्रान्सफर केस किंवा युनिव्हर्सल जॉइंट जातो.

'गाडी आपली, तिच्यात काहीही बदलता येते,' हा शेवटचा समज. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. जुन्या जीपमध्ये वेगळ्या गाडीचे इंजिन बसवण्याआधी आरटीओत विचारणे भाग आहे. गावातल्या वेल्डरकडून बनवलेली ट्रॉलीही कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच ठरते, म्हणून तिची नोंदणी आणि विमा वेगळा लागतो.