पाटी बदलली, ताबा तोच

समजा, सातपूरला तुमचा मळा आहे. त्यात एक जण जबरीने घुसला. तुम्ही म्हणालात, “बाबा, बसून बोलू. जागा मोकळी कर.” तर त्याने बांधावर पाटी ठोकली, ‘हे माझ्या घराचं अंगण.’ वर म्हणाला, “माझ्या अंगणाबद्दल तुमच्याशी काय बोलायचं?”

पाटी लावली म्हणून मळा त्याचा होईल का? गोव्याच्या बाबतीत पोर्तुगालने अगदी असेच केले.

पोर्तुगाल हा युरोपातला लहानसा देश. त्याने १५१० साली गोवा घेतला. १९४७ साली इंग्रज भारतातून गेले. फ्रेंचांनी बोलणी करून १९५४ साली पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती दिला. पोर्तुगाल मात्र जागचा हलेना.

फेब्रुवारी १९५० मध्ये भारताने बोलणी करू म्हणून कळवले. पोर्तुगालने साफ नकार दिला. तेव्हा तिथे सालाझार हा हुकूमशहा होता. १९५१ साली त्याच्या सरकारने राज्यघटनाच बदलली. ‘वसाहत’ हा शब्द काढला आणि ‘सागरापलीकडचा प्रांत’ असे लिहिले. वसाहत म्हणजे परक्याने ताब्यात ठेवलेला मुलूख. प्रांत म्हणजे घरचाच भाग. घरचा भाग म्हटला, की कोणी जाब विचारायला नको!

पण गोव्याच्या लोकांना सभा घ्यायची, मोकळेपणी बोलायची मुभा नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही हाती शस्त्र न घेता गोव्यात शिरले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसांहून जास्त माणसे मेली.

त्याच वर्षी पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघात आला. ही जगातल्या देशांची सभा. तिथे त्याला विचारले, “स्वराज्य नसलेले मुलूख तुमच्याकडे आहेत का?” तो म्हणाला, “नाहीत, सगळे प्रांतच आहेत.” सभेला हे पटले नाही. डिसेंबर १९६० मध्ये तिने ठराव करून असे मुलूख नावानिशी सांगितले. त्यांत गोवाही होता.

तरीही बोलणी झाली नाहीत. शेवटी १८ व १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय फौजेने गोवा सोडवला. पोर्तुगालने ते मानले नाही. १९७४ साली तिथली हुकूमशाही कोसळली. मग ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार झाला आणि गोवा भारताचा, हे पोर्तुगालने कबूल केले.

आता तुम्हांला वाचता येते. पाटीवर काय लिहिले आहे ते जरूर वाचा. मग एवढेच विचारा: आत राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले होते का?