करुणेचे भांडवल, कहाणीची मालकी
(लेखांक सातवा)

गेल्या आठवड्यात आपण देणगीची पावती आणि तिच्याशी निगडित करसवलतीचा तपशील पाहिला. परंतु पावती फाडली जाण्यापूर्वी देणाऱ्याचा हात खिशाकडे वळावा लागतो, आणि तो वळविण्याचे काम बहुधा एखादी कहाणीच करीत असते. ही कहाणी आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर सांगितली जाते म्हणून तिची रीतही आजचीच आहे, असे मानणे निदान पुणेकरास तरी शोभणार नाही.

पंडिता रमाबाईंचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले. बालविधवांची दैना मांडणाऱ्या त्या ग्रंथास फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्या डॉ. रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली, आणि दुष्काळात आईबाप गमावून भावासमवेत देशभर पायी भटकलेल्या रमाबाईंचा जीवनवृत्तान्त तीत निवेदन केला. ज्यांनी हिंदुस्थान कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशा माणसांनी ते वाचून व रमाबाईंची व्याख्याने ऐकून बोस्टन येथे मंडळी स्थापन केली आणि नियोजित शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याची हमी घेतली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदा सदन पुढल्याच वर्षी पुण्यास आले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची सहधर्मचारिणी झाली. आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी काढली, तेव्हा त्या आश्रमाचा संसारही गावोगावच्या व्याख्यानांवर आणि रुपया-आठ आण्यांच्या वर्गण्यांवरच चालू लागला.

आजच्या कहाणीची घडण याहून फारशी निराळी नाही. बालकाचे छायाचित्र, रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक, आईबापांच्या चार ओळी, आणि जमलेली रक्कम दाखवीत पुढे सरकणारी एक पट्टी, एवढ्यावर अनोळखी माणसे शंभर-दोनशे रुपये पाठवितात. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या जनुकीय व्याधीवरील सुमारे १६ कोटी रुपयांचे इंजेक्शन २०२१ साली पुणे-मुंबई परिसरातील बालकांना मिळाले, ते अशाच लोकवर्गणीतून. त्याच वर्षी केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले, आणि त्यातही ऐच्छिक देणग्यांसाठी संगणकीय व्यवस्थेची तजवीज केली. म्हणजे लोकांच्या करुणेस सरकारदप्तरीही जागा मिळाली.

मात्र एक भेद दृष्टिआड करून चालणार नाही. बोस्टनकरांपुढे जी कहाणी गेली, ती रमाबाईंची स्वतःची होती, आणि आपल्या दुःखाचा कोणता भाग जगापुढे ठेवावा व कोणता झाकावा, हे ठरविण्याइतक्या त्या जाणत्या होत्या. पाळण्यातल्या बालकास तो अधिकार बजावता येत नाही. त्याच्या वतीने बोलणारा कितीही मायेचा असला, तरी तो त्या कहाणीचा मालक नव्हे, विश्वस्त होय. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांच्या प्रकरणांत नाव, पत्ता, शाळा वा ओळख पटविणारा अन्य तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई केली असून, उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु स्वतःच्या घरात वाढणाऱ्या आजारी मुलाचे छायाचित्र बापानेच प्रसृत केले, तर हे कलम सहसा आड येत नाही; तेथे तारतम्य हाच कायदा.

काही महिन्यांपूर्वी मजकडे एका मुलाचे चित्र आले. नाकात नळी, कपाळावर काजळाची तीट, खाली आजाराचे, गावाचे आणि शाळेचे नाव. चौकशी केली तेव्हा कळले, की रक्कम केव्हाच जमली होती आणि मूल बरे होऊन शाळेतही जाऊ लागले होते. संदेशावर तारीख नव्हती, मुदत नव्हती, गरज भागल्याची नोंद नव्हती. त्यामुळे तो अजून हिंडतच होता. उद्या त्या मुलाला अक्षरओळख झाली, की आपल्या नाकातल्या नळीचे ते चित्र कुणाच्या तरी हातात त्याला सापडेल. कहाणी लिहिणाऱ्याने पहिले वाक्य लिहितानाच त्या वाचकाला समोर बसवावे. आणि काम झाल्यावर, पैसे मागितले होते तितक्याच मोठ्या अक्षरांत, ‘आता पुरे’ असे लिहावे.

जमलेल्या पैशाचा जमाखर्च कोणी, कोणास आणि केव्हा द्यावा, याचा विचार पुढील लेखांकी करू.