पान ठेवायचं कुणी?

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानने विकिपीडिया बंद केला, सगळ्या भाषांतला. आठवडाभरातच तुर्की विकिपीडियाची एक प्रत 'आयपीएफएस' या विकेंद्रित नेटवर्कवर चढली. ती फक्त वाचता येत होती, तिच्यात भर घालता येत नव्हती. तरी विकेंद्रित होस्टिंगवाल्यांना दाखवायला एक खराखुरा नमुना मिळाला.

आपल्या नेहमीच्या वेबवर पत्ता असतो तो यंत्राचा: अमुक सर्व्हरवर जा, तमुक फाइल आण. वाट अडवली किंवा मालकाने सर्व्हर काढून घेतला की पान गेलं. याहूने २००९ मध्ये लोकांच्या वेबपानांचं जिओसिटीज गुंडाळलं, तेव्हा स्वयंसेवकांनी घाईघाईने उतरवून घेतलं तेवढंच वाचलं.

हुआन बेनेट यांनी २०१५ मध्ये आणलेल्या आयपीएफएसने मजकुरालाच पत्ता केलं. फाइलचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने निघणारा ठसा, काढायचा. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा वेगळा. तुकडा कुणा अनोळखी माणसाच्या संगणकावरून आला तरी बिघडत नाही, ठसा जुळवून खात्री करता येते. यातलं सुटं असं काहीच नवं नव्हतं. तुकड्यांचे ठसे एकात एक गुंफणारी हॅशची झाडं राल्फ मर्कल यांची, १९७९ ची. कुणाकडे काय आहे ते शोधणारी कॅडेम्लिया पद्धत २००२ ची. तुकडे वाटून घेण्याची रीत ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरेंटने २००१ मध्येच रुळवली होती. बेनेट यांचं श्रेय जुळणीचं. माझ्या मते तेही लहान नाही.

अडलं ते दुसरीकडेच. मजकूर बदलला की पत्ताही बदलतो. त्यावर आयपीएनएस नावाचा फिरता निर्देशक काढला, पण तो बराच काळ संथच होता. आणि नेटवर्कवर टाकलेलं आपोआप टिकतं हा तर निव्वळ गैरसमज. कुणीतरी 'पिन' करून ठेवलं नाही, तर संगणक जागा मोकळी करताना ते पुसून टाकतो. म्हणून पिनिंगच्या सेवा निघाल्या, अर्थात भाड्याने. जागा देणाऱ्याला नाण्यांत मोबदला देणाऱ्या फाइलकॉइनसाठी २०१७ मध्ये २५ कोटी डॉलरांहून अधिक जमले. नेटवर्क सुरू व्हायला २०२० उजाडलं.

वाचकाची अडचण याहून मोठी. साध्या ब्राउझरला हे पत्ते कळत नाहीत, म्हणून मध्ये 'गेटवे' लागतो, आणि गेटवे म्हणजे पुन्हा एक सर्व्हरच! स्पेनपासून वेगळं होण्यासाठी ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅटलोनियात झालेल्या सार्वमताच्या वेळी मतदारांना मतदान केंद्र शोधून देणारी साइट आयपीएफएसवर गेली. स्पेनमध्ये गेटवेचाच पत्ता रोखला गेला. ज्यांच्या संगणकावर स्वतःचा नोड चालू होता, म्हणजे जे गेटवेविना थेट नेटवर्कला जोडलेले होते, त्यांचं अडलं नाही, पण असे किती असणार? विकिपीडियाही तुर्कस्तानात परतला तो घटनात्मक न्यायालयाच्या निकालामुळे, जानेवारी २०२० मध्ये.

ब्रेव्ह ब्राउझरने २०२१ मध्ये आयपीएफएस अंगभूत केलं आणि २०२४ मध्ये काढून टाकलं. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीनेही २०१८ पासून चालवलेला आपला सार्वजनिक गेटवे त्याच वर्षी दुसऱ्यांच्या हवाली केला. विकेंद्रित वेबसाठीच बनवलेला बीकर ब्राउझर तर त्याआधीच थांबला होता. ही माघार दिसते, आणि काही अंशी आहेच. पण खरं काम आता कुठे नेमक्या जागी आलं आहे. तुकड्यांचे ठसे गेटवेवर न तपासता वाचकाच्या ब्राउझरमध्येच तपासणारा कोड तयार झाला आहे. गेटवेवर विश्वास ठेवण्याची गरज त्याने संपते. तो तुकडा कुणाच्या तरी डिस्कवर, कुणाच्या तरी वीजबिलावर ठेवलेला असावा लागतो, हे मात्र या कोडने सुटत नाही.