तडजोडीचा छोटा चेक आणि शेड्यूल डी

मंडळी, मागच्या वेळी आपण अमेरिकेतल्या रिटर्नमधलं डिव्हिडंडचं प्रकरण संपवलं. आजचा विषय बारीक आहे, पण दर मार्चमध्ये आमच्याकडे कोणीतरी तो घेऊन येतंच. पोस्टानं एक चेक आलेला असतो: १९ डॉलर, ६४ डॉलर, क्वचित २००. कंपनीनं हिशेबात लपवाछपवी केली, भाव कोसळला, भागधारकांनी क्लास अॅक्शन म्हणजे सामूहिक दावा लावला, तडजोड झाली, आणि आपण कधीकाळी भरलेल्या क्लेम फॉर्मचं हे फळ. सत्यम आठवतंय ना? २००९ मध्ये घोटाळा उघड झाला. न्यूयॉर्कच्या बाजारात तिचे एडीआर घेणाऱ्यांच्या दाव्यात कंपनीनं २०११ मध्ये साडेबारा कोटी डॉलर कबूल केले. भारतातल्या कंपनी कायद्यात अशा दाव्याची सोय तेव्हा नव्हती. ती २०१३ च्या कायद्यात, कलम २४५ मध्ये आली. असो.

तर हा चेक लिहायचा कुठे? बहुतेक जण 'अदर इन्कम'मध्ये टाकून मोकळे होतात. आमच्या मते तिथेच फसतात. आधी विचारायचं, हे पैसे कशाच्या बदल्यात आले? पगाराच्या नाही, व्याजाच्या नाही. शेअरला आपण जास्त किंमत मोजली, त्यातला थोडा भाग परत आला.

शेअर अजून आपल्याकडेच असेल तर काम सोपं. ४,००० डॉलरला घेतला होता, ६४ आले, आता खरेदीमूल्य ३,९३६. यंदा टॅक्स नाही. पण ब्रोकरला या चेकचा पत्ताच नसतो, तो पुढे ४,००० च दाखवणार. म्हणून नोंद आपणच ठेवायची.

शेअर विकून टाकला असेल, आणि बहुतेकांनी विकलेलाच असतो, तर ही रक्कम भांडवली नफा. जुनं रिटर्न उघडायचं नाही. चेक ज्या वर्षी आला त्या वर्षी दाखवायची. याच्या मुळाशी सुप्रीम कोर्टाचा १९५२ चा अॅरोस्मिथ निकाल आहे. तिथे उलट घडलं होतं. कंपनी गुंडाळून नफा घेतलेल्या भागधारकांना नंतरच्या वर्षी कंपनीचं देणं भरावं लागलं. कोर्ट म्हणालं, हा भांडवली तोटाच, कारण त्याची नाळ जुन्या व्यवहाराशी आहे. आपल्या चेकचीही नाळ तशीच.

प्रत्यक्षात फॉर्म ८९४९ वर एक ओळ. विक्रीची रक्कम ६४, खरेदीमूल्य शून्य, कारण ते मूळ विक्रीत वापरून झालं. ब्रोकरचा १०९९-बी नसतो, म्हणून लाँग टर्मला एफ चौकोन, शॉर्ट टर्मला सी. इथे सॉफ्टवेअर घोळ घालतं. विक्रीची तारीख म्हणून चेकची तारीख घातली की ते सरसकट लाँग टर्म धरतं. तुम्ही शेअर तीन महिन्यांत विकला होता ना? मग शॉर्ट टर्मच. सोबतच्या पत्रात व्याज वेगळं दाखवलं असेल तर तेवढं व्याजाच्या ओळीत.

"एवढ्याशा रकमेसाठी एवढी यातायात?" एका वहिनींनी विचारलं. त्यांचा चेक होता २१४ डॉलरचा, आणि जुना भांडवली तोटा २०,००० पुढे ओढलेला. वर्षाला ३,००० च वजा होतात. अदर इन्कम धरलं असतं तर २२ टक्क्यांनी ४७ डॉलर गेले असते. भांडवली नफा धरला, तोट्यात जिरला, यंदा शून्य. अर्थात शिल्लक तोटा २१४ नं कमी झाला, फुकट काही नाही.

क्वचित १०९९-मिस्क येतो, तिसऱ्या चौकोनात रक्कम. तो आयआरएसकडेही गेलेला असतो, गाळलात तर सीपी२००० ची नोटीस येऊ शकते. आम्ही ती रक्कम शेड्यूल १ वर दाखवतो, लगेच खाली 'फॉर्म ८९४९ वर दाखवली' असं लिहून वजा करतो. पत्र आणि जुन्या खरेदी-विक्रीचे कागद त्याच फाइलमध्ये ठेवा. त्याच दाव्यातून दुसरा, आणखी छोटा चेकही येतो कधीकधी.