पोतडीवाला भिक्षू

वाशीतल्या भेटवस्तूंच्या दुकानांत सोनेरी, ढेरपोट्या ‘लाफिंग बुद्धा’ हमखास भेटतो. संपादकांनी फेंगशुईवर लिहायला सांगितलं होतं. मी मात्र ती वीतभर मूर्ती उलटी करून बघण्यातच रमलो.

हा गौतम बुद्ध नव्हे. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी ज्यांची मूर्ती असते, ते तथागत वेगळे. हा चीनच्या चच्यांग प्रांतातला बुदाई, खांद्यावर पोतडी टाकून भटकणारा भिक्षू, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं. जपानमध्ये तोच होतेई, सात भाग्यदेवतांतला एक. मैत्रेय तर आपल्या घरचाच. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात दारावर सात बुद्धांच्या रांगेत तो आठवा रंगवलाय, बोधिसत्त्वाच्या राजस वेशात.

दुकानातली मूर्ती बहुधा पॉलिरेझिनची असते. पॉलिएस्टर राळेत दगडाची बारीक भुकटी कालवायची, हार्डनर घालायचा आणि साच्यात ओतायचं. खरी अडचण वर उचललेल्या हातांची. हात आणि डोकं यांच्या मधल्या फटीत कडक साचा अडकतो. काढायला जावं तर बोटं तुटतात. म्हणून साचा सिलिकॉन रबराचा, मोजा सोलावा तसा ओढून काढायचा. बोटांच्या टोकांत हवा कोंडून बुडबुडे राहतात, म्हणून आधी ब्रशने पातळ थर द्यायचा. साच्याच्या जोडाची रेघ मूर्तीवर उठते, ती कुणीतरी पॉलिश पेपरने घासतो. मी पाहिलेल्या स्वस्त मूर्तीच्या कानामागे ती तशीच होती, वर सोनेरी रंग. महागडीच्या बगलेतसुद्धा ती बोटाला लागली नाही. त्या अनोळखी हाताचं मला मनापासून कौतुक वाटलं.

काळजी वाटते ती पुढची. एकदा घट्ट झालेली ही राळ पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगारवाल्यालाही ती नको असते. पेणच्या शाडूच्या गणपतीला पाणी विरघळवतं, याला नाही. रंग उडाला, हात तुटला, की घरात ठेवणं अशुभ आणि कचऱ्यात टाकणं पाप. मग जुन्या तसबिरींसोबत त्याला पिंपळाखाली ठेवतात, नाहीतर निर्माल्याच्या पिशवीतून तो वाशीच्या खाडीत जातो आणि तळाच्या चिखलात जसाच्या तसा राहतो. तुटलेला हात खरं तर दोन थेंब इपॉक्सीने जोडता येतो. विकणाऱ्याने एवढं तरी गिऱ्हाइकाला सांगावं, आणि मोडकी मूर्ती परत घ्यायला काउंटरखाली एक खोकं ठेवावं.